उंबरठ्यावर अडलेला संगणक

खंडेनवमीच्या दिवशी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारावी. वर्षभर तेलाने आणि लोखंडाच्या किसाने माखलेली यंत्रे त्या दिवशी न्हाऊन-धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसलेली असतात. माझा एक जुना विद्यार्थी तिथे लहानसे वर्कशॉप चालवतो. मराठीत त्याचे गुण बेताचेच असत. पण पूजेचे बोलावणे तो कधी चुकवत नाही. २०२५च्या खंडेनवमीला गेलो, तर सी. एन. सी. यंत्राशेजारच्या एका कळकट संगणकालाही हार घातलेला दिसला.

"सर, हा आमचा म्हातारा," तो म्हणाला. "याला हात लावायची कुणाला परवानगी नाही."

म्हाताऱ्यावर विंडोज एक्सपी आहे. तिची डागडुजी मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवली. पण यंत्राशी बोलणारे जे कार्ड त्या संगणकात खोवलेले आहे, ते एक्सपीशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. आणि नव्या संगणकात ते खोवायला खाचच नसते. संगणक बदलायचा तर यंत्राचा सगळा मेंदू बदलावा लागतो, आणि यंत्राचे तर अजून हप्ते फिटलेले नाहीत. म्हणून त्याने म्हाताऱ्याची नेटवर्कची वायर तेवढी काढून ठेवली आहे. हा भित्रेपणा नव्हे. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या कारखान्यांना कुलूप लावले आणि त्याच जूनमध्ये 'नॉटपेट्या'ने आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातले एक टर्मिनल बंद पाडले, हे तो विसरलेला नाही.

त्याची खरी अडचण म्हाताऱ्याची नव्हती. ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकाची होती. हिशेब, जी. एस. टी., गिऱ्हाइकांची पत्रे सगळे त्याच्यावर. प्रकृती ठणठणीत. पण त्याच्या विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, संपत होती. आणि विंडोज ११चा इन्स्टॉलर त्याला घरात घ्यायला तयार नव्हता. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा, आणि अट आठव्या पिढीची. चालत्या यंत्राला नुसत्या जन्मसालावरून बाद करतात, हे कारखानदाराच्या गळी उतरत नाही.

इन्स्टॉलर म्हणजे नव्या बिऱ्हाडाचा मुकादम. सामान आणण्याआधी तो खोल्या मोजतो, भिंती ठोकून बघतो, लागेल तिथे आडभिंत घालतो, मग पेट्या उतरवतो. त्याला कोणकोणत्या घरांची माहिती द्यायची हे रचनाकार ठरवतो, आणि सगळा वाद तिथेच आहे.

रचनाकाराची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या यंत्राला 'चालेल' म्हणायचे, तर दर आवृत्तीला त्या यंत्रावर बसवून बघावे लागते. आणि ते यंत्र आणायचे कुठून? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहिली ती स्वतःच्या ३८६ जातीच्या संगणकावर. २०१२च्या डिसेंबरात तिच्या मूळ संहितेतून ३८६चाच आधार काढून टाकण्यात आला. ज्या अंगणात रांगली तेच तिने सोडले! डेबियन ही कार्यप्रणाली जुन्यांना सांभाळण्याबद्दल प्रसिद्ध. पण ऑगस्ट २०२५च्या तेराव्या आवृत्तीत तिनेही ३२-बिटी संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. यात मला अन्याय दिसत नाही. मनुष्यबळ संपते.

नकाराला माझी हरकत नाही. नकार कसा आणि केव्हा दिला जातो, याला आहे. जून २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने तपासणीचा एक कार्यक्रम दिला, तो नुसते 'चालणार नाही' एवढेच सांगे. लोक इतके वैतागले, की तो मागे घ्यावा लागला आणि पुढे कारणांसह पुन्हा आणावा लागला. त्याहून मजेदार गोष्ट पेंटियम एम या २००३च्या प्रोसेसरची. नव्या लिनक्सने 'पी. ए. ई.' नावाचा एक गुण सक्तीचा केला. तो गुण या जातीतल्या पुष्कळ प्रोसेसरांच्या अंगी होता, पण स्वतःच्या गुणपत्रिकेत तो लिहायचा राहिला होता! इन्स्टॉलर पत्रिका वाचून परत पाठवी. अखेर २०१४ साली उबुंटूने 'फोर्सपीएई' असा एक शब्द टाइप करण्याची सोय केली: पत्रिकेत नसला तरी गुण आहे, जबाबदारी माझी. मालकाला असे म्हणता आले पाहिजे.

आणि 'केव्हा'ची गोष्ट माझ्याच अंगावरची. घरच्या जुन्या संगणकावर मी एक नवी कार्यप्रणाली बसवायला घेतली. मुकादमाने डिस्क पुसली, पेट्या उतरवल्या, आणि अगदी शेवटी, संगणक सुरू करणारा भाग लिहिताना, 'हे जुन्या पद्धतीचे यंत्र आहे' म्हणून हात वर केले. हेच पुसण्याआधी कळले असते तर? चाकण-खेडकडच्या आजीबायांकडून माझ्या विद्यार्थ्यांनी उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या डिस्कवर होत्या. काही वह्यांत होत्या म्हणून वाचल्या, बाकीच्या गेल्या. त्या सांगणाऱ्यांपैकी दोघी आज नाहीत. दुसरी प्रत ठेवली नाही हा दोष माझाच; पण तपासणी आधी आणि पुसणे नंतर, हा क्रम काही अवघड नव्हता.

डेबियनचा इन्स्टॉलर या बाबतीत समजूतदार आहे. मेमरी अपुरी दिसली, तर तो हाकलत नाही. स्वतःच अंग आवरून बसतो. चित्रे नकोत तर नुसत्या अक्षरांवर भागवतो. त्यात भाषांतरे मात्र टाकून देतो आणि इंग्रजीवर येतो. त्याचा मराठी अनुवाद झालेला आहे. पण गरिबाच्या यंत्रावर पहिला काटा तिच्यावरच येतो, हे मराठीच्या मास्तराला थोडे लागायचेच.

दुपारी प्रसाद घेऊन आम्ही दोघांनी ऑफिसातल्या संगणकाला पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, लिनक्स चालवून पाहिली. पडदा, आवाज, छपाई, सगळे सुरळीत. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र तिथे चालेना.

"मग आता?" मी विचारले.

"एका वर्षाची वाढीव डागडुजी विकत घेतो, सर. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते." त्याने भिंतीवरचे कॅलेंडर चाळले, त्यात पुढचे साल नव्हते. मग मोबाइल काढून बघितले. "पुढची खंडेनवमी त्यानंतर येतेय."

आणि हाराची एक सर तोडून त्याने त्याही संगणकावर ठेवली.