धनशक्ती : जास्त लोहाची बाजरी

‘आयसीटीपी ८२०३’ हे बाजरीचं वाण महाराष्ट्रात १९८८ पासून पेरलं जातंय. मूळ टोगो देशाच्या उत्तर भागातलं, तिथल्या ‘इनियादी’ या गावरान बाजरीतून निवडलेलं. एकाच वाणातल्या काही ताटांच्या दाण्यांत लोह जास्त भरतं, हे हेरून हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने तीच ताटं वेचून वाढवली. २०१२ मध्ये ती महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ म्हणून आली. दाण्यात किलोमागे लोह सुमारे ७१ मिलिग्रॅम, जस्त ४०. बाहेरचा जनुक वगैरे काही नाही, नुसती निवड. शिवाय संकरित नसल्यानं घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. मला तर हे लोहाइतकंच मोलाचं वाटतं.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा देऊन पाहिली (शेवही होती, मुलंच ती!). चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडचण फायटेटची. बाजरीतला हा घटक लोह अडवून धरतो, त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. भाकरीवर लिंबू पिळलेली भाजी असली, तर थोडं जास्त लागतं.