चोवीस तास भरायचे कशाने?

मे 1978 मध्ये बिल रॅस्मुसेन यांची नोकरी गेली. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डला ‘न्यू इंग्लंड व्हेलर्स’ नावाचा आइस हॉकीचा संघ होता, त्याच्या प्रसिद्धीचं काम ते बघत. वय पंचेचाळीस. त्याआधी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये स्थानिक टीव्हीवर खेळांच्या बातम्या दिलेल्या. नोकरी सुटल्यावर त्यांनी आखलेला बेत तसा बेताचाच होता : कनेक्टिकटमधल्या केबलवर व्हेलर्सचे आणि राज्याच्या विद्यापीठाचे सामने दाखवायचे. विमा व्यवसायातले एड ईगन सोबत आले, मुलगा स्कॉट होताच. जुलैमध्ये 91 डॉलर भरून कंपनीची नोंदणी झाली. तीच पुढे ईएसपीएन ही क्रीडावाहिनी झाली.

अडचण होती ती सामने घरोघरी पोचवण्याची. त्या काळी केबल म्हणजे गावोगावचा स्वतंत्र धंदा. प्रत्येक गावाची तार वेगळी, मालक वेगळा. एकाच वेळी सगळ्यांपर्यंत चित्र न्यायचं तर जमिनीवरून ते महाग आणि किचकट. उपग्रहाची वाट मात्र नुकतीच मोकळी झाली होती. चित्रपट दाखवणारी एचबीओ वाहिनी 1975 पासून उपग्रहावर गेली होती. जमिनीवरच्या डिशने चित्र वर पाठवायचं, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातल्या ट्रान्सपाँडरने ते झेलून, त्याची शक्ती वाढवून परत खाली सोडायचं. खाली ज्या केबलवाल्याकडे डिश असेल, त्याला ते मिळणार. मग तो शेजारच्या गावातला असो की पार कॅलिफोर्नियातला.

रॅस्मुसेन पितापुत्रांनी उपग्रह चालवणाऱ्या आरसीए कंपनीकडे दर विचारले. ही सगळी कहाणी त्या दरपत्रकावर फिरली, असं माझं ठाम मत आहे. रोज रात्रीचे पाच तास घेतले तर 1,250 डॉलर. आणि ट्रान्सपाँडर अख्खा, दिवसाचे चोवीस तास घेतला, तर दिवसाला साधारण 1,143 डॉलर. पाच तासांपेक्षा पूर्ण दिवस स्वस्त! ट्रान्सपाँडरला तेव्हा फारसं गिऱ्हाईक नव्हतं आणि आगाऊ रक्कमही कोणी मागितली नाही. त्यांनी पूर्ण दिवस घेऊन टाकला. थोड्याच काळात याच जागांसाठी बड्या कंपन्यांची रांग लागली. पण यांचा अर्ज आधी पोचलेला होता.

इथून प्रश्नच उलटा झाला. आधी हातात कार्यक्रम होते आणि वेळ हवा होता. आता वेळ हातात आला, पण दाखवायला काही नव्हतं. 16 ऑगस्टला बापलेक मोटारीने न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे निघाले होते. वॉटरबरीजवळ महामार्गावर वाहनांच्या कोंडीत ते अडकले आणि त्या रखडलेल्या प्रवासात दोघांचं जोरदार वाजलं. त्या वादातूनच वाहिनीचा आराखडा निघाला : दिवसरात्र फक्त खेळ, आणि रोज खेळांच्या बातम्यांचं एक ठरलेलं बातमीपत्र. कनेक्टिकटपुरतं काही करण्याचा विचार तिथेच मागे पडला.

इतके तास भरण्याजोगे खेळ आहेत कुठे, याचं उत्तर त्यांना महाविद्यालयांत सापडलं. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचा पसारा प्रचंड. बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल, पोहणं, कुस्ती... पण टीव्हीच्या तीन मोठ्या कंपन्या त्यातले मोजकेच सामने दाखवत. बाकीचे मैदानावर जमलेल्यांनाच दिसत. या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए संघटनेच्या दारात रॅस्मुसेन गेले ते दुसऱ्या कुणाला नको असलेलं मागायला. मार्च 1979 मध्ये करार झाला. त्यांची खरी नजर मला इथे दिसते. मोठ्यांनी टाकून दिलेल्या सामन्यांनाही आपला प्रेक्षक असतो, हे या माणसाने मनापासून मानलं होतं.

पैशांची मात्र ओढाताण होती. घरच्यांकडून घेऊन झालं, क्रेडिट कार्डावर 9,000 डॉलरची उचल घेऊन झाली. अखेर तेलाच्या धंद्यातली गेटी ऑइल पुढे आली आणि तिने एक कोटी डॉलर घातले. त्या बदल्यात 85 टक्के मालकी तिच्याकडे गेली. बिअर बनवणाऱ्या ॲनहायझर-बुशने जवळपास 14 लाख डॉलरच्या जाहिराती दिल्या. केबलवर तोवर एवढं मोठं जाहिरात-कंत्राट कुणी दिलं नव्हतं. ब्रिस्टल नावाच्या लहान गावात स्वस्तात जमीन मिळाली आणि तिथे डिश उभ्या राहिल्या.

7 सप्टेंबर 1979 रोजी संध्याकाळी सात वाजता प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा इमारतीचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. ‘स्पोर्ट्‌ससेंटर’ या बातमीपत्राच्या पहिल्याच भागात कोलोरॅडोहून थेट मुलाखत जोडली, तर चित्र आलं आणि आवाज आलाच नाही. पहिला थेट सामना होता स्लो-पिच सॉफ्टबॉलचा. त्यातला मिलवॉकीचा संघ श्लिट्झ या बिअरच्या नावाने खेळत होता, आणि वाहिनीची मोठी जाहिरातदार होती तिची प्रतिस्पर्धी कंपनी! निवडीला वावच नव्हता. जे मिळालं ते दाखवलं. सुमारे 14 लाख घरांत वाहिनी पोचत होती.

पहिल्या काही महिन्यांतच बदल जाणवू लागला. मार्च 1980 मध्ये एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या दिसल्या. एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा ‘ड्राफ्ट’, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याची बैठक, थेट दाखवली. खुर्च्या-टेबलांवर बसून नावं वाचणाऱ्या माणसांकडे लोक टक लावून बसले. खेळाचा चाहता सामन्यापलीकडेही किती रमतो, हे तेव्हा उमगलं.

रॅस्मुसेन यांच्या वाट्याला मात्र हे सुख फार आलं नाही. गेटीने टीव्हीच्या त्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एनबीसीमधून चेट सिमन्स यांना अध्यक्ष म्हणून आणलं, कारभार त्यांच्या हाती गेला आणि संस्थापक लवकरच बाजूला पडले. 85 टक्के मालकी देताना हे ओघानेच येणार होतं. तरी मला ते चटका लावून जातं. वाहिनी तगली ती पुढच्या एका निर्णयामुळे. नुसत्या जाहिरातींवर तोटा भरून निघेना, तेव्हा आधी फुकट मिळणाऱ्या वाहिनीसाठी केबलवाल्यांकडून दर वर्गणीदारामागे महिन्याला काही सेंट घ्यायला सुरुवात झाली. 1984 मध्ये त्या तिघींपैकीच एबीसीने ही वाहिनी विकत घेतली, तोवर उत्पन्नाचे दोन झरे वाहू लागले होते. कॅलेंडरवर कोणताही मोठा सामना नसला तरी वर्गणी येतच राहते. दर्जेदार सामन्यांचे हक्क चढ्या बोलीने घेण्याची ताकद तिच्यातूनच आली.

1990 च्या दशकाच्या मध्याला ईएसपीएन भारतात आली, आणि क्रिकेट समालोचक हर्षा भोगले यांचा आवाज तिच्यामार्फत पुण्या-मुंबईच्या घरांत रुळला. त्याच सुमारास वर्गणीदारामागे आकारणीची पद्धतही गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत आली. त्याच्याकडे नेमकी किती घरं आहेत, यावर वाहिन्यांचे आणि त्याचे वर्षानुवर्षं खटके उडत राहिले. 2013 मध्ये इथल्या पडद्यावरून ईएसपीएन हे नाव गेलं, त्या जागी स्टार स्पोर्ट्‌स आलं. 2019 पासून दूरसंचार नियामकाच्या नियमामुळे प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत ग्राहकाला स्वतंत्रपणे सांगावी लागते, आणि खेळ पाहायला आपण महिन्याला किती मोजतो हे आता कुणालाही पाहता येतं.