बातमी संपते तिथून कादंबरी

पत्रकारितेच्या धबडग्यात लेखक खर्ची पडतो, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. अरुण साधूंची कारकीर्द तो खोडून काढते. इंग्रजी दैनिकांत राजकीय बातमीदारी, पुढे ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपद, आणि याच धावपळीत ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ (1977). या दोन कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस पाहावा. मंत्र्यांच्या बैठकीत त्याची ऊठबस, सगळे डाव त्याला ठाऊक; पण पुराव्याअभावी त्यातले छापता येते थोडेच. हे उरलेले सत्य मांडायला साधूंना कादंबरीच हवी होती.

यावर आक्षेप असा की, अशी कादंबरी त्या काळाबरोबर शिळी होते आणि तिची भाषा वार्तापत्राची राहते. पहिल्या भागाला उत्तर सोपे आहे: सत्तेसाठी माणसे कशी वाकतात, हे आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटते. भाषेचा धोका मात्र खराच. त्यावरचे उत्तर मराठवाड्यात सापडते. परभणीत पत्रकारिता करणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘तसनस’ ही कादंबरीही त्यांनी लिहिली. बातमीत दुष्काळ पैसेवारीच्या आकड्यांनी मोजला जातो. लोमटे गावच्या बोलीतून माणसांचे आपसातले ताण उलगडतात, आणि तिथे वार्तापत्राचा मागमूसही राहत नाही. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या वृत्तपत्रांनी मराठवाड्यातल्या अशा बातमीदारांना सवडीने लिहायला रविवारची पाने मोकळी ठेवायला हवीत.