अंगठा चोरता येत नाही!

तुमच्या यूपीआयचा पिन तुमच्याशिवाय आणखी कोणाकोणाला माहितीये? रूममेटला? दादाला? जिच्याशी गेले दोन महिने बोलणं बंद आहे त्या मैत्रिणीलाही? हसू नका. हा प्रश्न साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी त्यांच्या बँकेला फार आधी विचारला होता.

माणदेशी महिला सहकारी बँकेने डिजिटल व्यवहार आणायचे ठरवले, तेव्हा बायकांना पिन नंबर द्यायचा असं साहजिकच ठरलं. बायका नको म्हणाल्या. बँकेतल्या लोकांना वाटलं, शिकलेल्या नाहीत, चार आकडे लक्षात राहणार नाहीत, म्हणून घाबरताहेत. आम्ही पाठ करून घेऊ, असं त्यांनी समजावलं. बायकांची अडचण पाठांतराची नव्हतीच. पिन कोणीही काढून घेईल, आणि काढून घेणारा बहुतेक वेळा घरातलाच असेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यापेक्षा अंगठा लावून घ्या, तो काही कोणी चोरून नेत नाही, असा त्यांचा हिशेब. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी २०१८ साली ‘टेड’च्या व्यासपीठावर हा किस्सा जगाला सांगितला.

आपण ज्याला सायबर सिक्युरिटी म्हणतो आणि ज्यावर कॉलेजात सेमिनार घेतो, ती याहून वेगळी काय असते?

बँक म्हणाली, एवढे कमी पैसे नकोत

माणदेश म्हटलं की ‘बनगरवाडी’ आठवते, मेंढरं आठवतात, उजाड माळ आठवतो. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरतं ते या भागाच्या वाट्याला येतं. महाबळेश्वर याच जिल्ह्यात आहे, हे माणमध्ये उभं राहून खरं वाटत नाही. पोट भरायला इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. कोणी ऊसतोडीला, कोणी मुंबईला, कोणी सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात पार दुसऱ्या राज्यांत. मागे राहणाऱ्या बाईच्या हातात शेरडं, एखादी म्हैस, थोडी कोरडवाहू जमीन आणि रोजचा खर्च.

चेतना गाला मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात काम केलेल्या. म्हसवडचे कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून ८० च्या दशकात त्या इथे आल्या. बँक काढायचा त्यांचा काही प्लॅन नव्हता. त्यांच्याकडे एक लोहारकाम करणारी बाई आली. रस्त्याच्या कडेला पाल टाकून राहणारी. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँक तिचं खातं उघडत नव्हती. रक्कम फारच छोटी, असं कारण होतं.

इथे जरा थांबा. ती कर्ज मागत नव्हती. अनुदान, सबसिडी, माफी, काहीच नाही. स्वतःचे कष्टाचे पैसे सुरक्षित ठेवायला जागा, एवढंच तिचं मागणं. तेही मिळत नाही म्हटल्यावर, मग आपणच बँक काढू, असं चेतनाताईंनी ठरवलं.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. प्रवर्तक सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही, अर्जावर अंगठे आहेत, अशांना बँकेचा परवाना कसा द्यायचा? नियमाच्या बाजूने पाहिलं तर आक्षेप अगदीच चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. बँकेत लोकांचे पैसे असतात.

चेतनाताई रडवेल्या होऊन परतल्या. बायका मात्र म्हणाल्या, मग शिकवा की आम्हाला. दिवसभराची कामं उरकून रात्री वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज घेऊन त्या गेल्या, आणि या वेळी बायकांनाच सोबत नेलं. बायकांनी साहेबांना सांगितलं, आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्यात आमची काय चूक? वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही मुद्दलावरचं व्याज विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं!

परवाना मिळाला. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

नऊशेचे हजार

हा किस्सा टाळ्यांचा आहे आणि तो सांगून थांबता येतं. पण त्या बायकांना व्याज इतकं पाठ का होतं, हे खरं समजून घ्यायला हवं. आवड म्हणून कोणी व्याज पाठ करत नाही.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा हिशेब मांडू. हा मांडायला कॉमर्सलाच असायला हवं असं काही नाही. पहाटे माल उचलायला तिच्याकडे रोकड नसते. सावकार तिच्या हातावर ९०० रुपये टेकवतो आणि संध्याकाळी १००० घेतो. शंभरचं काय एवढं, दिवसभरात निघतात की, असं वाटतं. पण ९०० वर १०० म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त व्याज. वर्षाचं नाही. महिन्याचंही नाही. एका दिवसाचं. महिन्यात २५ दिवस असं केलं तर त्याच ९०० रुपयांसाठी तिने २५०० रुपये व्याज दिलं, आणि महिनाअखेर मुद्दल तिचं झालेलंच नसतं.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) तिने रोजचे हे १०० रुपये फक्त नऊ दिवस बाजूला ठेवले असते, तर दहाव्या दिवशी ते ९०० तिचे स्वतःचे असते. सावकार कायमचा सुटला असता. नऊ दिवस!

मग ती ठेवत का नाही? आळशी आहे, अडाणी आहे, बचतीची सवय नाही, ही उत्तरं एसीत बसून द्यायला सोपी आहेत. पण ठेवणार कुठे? डब्यात ठेवले तर नवरा काढून नेतो, सासू मागते, पोराला ताप येतो, पाहुणे येतात. घरात दिसणारा पैसा सगळ्यांचा असतो. आणि दुपारी बँकेत जायचं तर धंदा बंद ठेवावा लागतो, म्हणजे १०० वाचवायला दोन-तीनशे घालवायचे.

म्हणून या बँकेचं पहिलं शहाणपण कर्जात नाही, दारात जाण्यात आहे. बँकेची माणसं बाजारात, बाईच्या पाटीपाशी जातात आणि जे काय दहा-वीस-पन्नास असतील ते घेऊन खात्यावर जमा करतात. बाजारातल्या बायकांचं चक्र ओळखून त्यांच्यासाठी वेगळी कर्जंही बेतली गेली. ९०० चे हजार करणाऱ्या सावकाराशी स्पर्धा करायची तर त्याच्याइतकंच जवळ असावं लागतं. सावकार फॉर्म भरून घेत नाही, फोटो मागत नाही, जेवणाची सुट्टी घेत नाही. तेच तर त्याचं भांडवल.

अजून एक. गावाकडे ‘तीन टक्क्याने पैसे घेतले’ असं कोणी म्हणालं की आपल्याला ते स्वस्त वाटतं. होम लोनपेक्षा कमी! पण गावातली टक्केवारी महिन्याची असते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. सुट्टीत घरी गेलात की कान देऊन ऐका, हा आकडा किती सहज बोलला जातो.

बँकेबरोबर माणदेशी फाउंडेशन ही संस्था चालते. दोन्हीतला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण वर्तमानपत्रांतही त्यांची सरमिसळ होते. बँक दानधर्म करत नाही. ती ठेवी घेते, व्याजाने कर्ज देते आणि वसूल करते. कीव येऊन कोणाचं कर्ज सोडून दिलं, तर बुडतात ते दुसऱ्या कोणा बाईचे दहा-वीस करून साठवलेले पैसे. ज्यातून थेट नफा निघत नाही ते काम फाउंडेशनकडे. प्रशिक्षण, शिक्षण, पाणी, खेळ.

त्यांची बायकांसाठीची ‘बिझनेस स्कूल’ आहे आणि ती चक्क बसमधून गावोगाव फिरते. बाई तालुक्याला येऊ शकत नाही, तर वर्ग तिच्या वेशीपर्यंत. शिवणकाम, कॉम्प्युटर, हिशेब, मार्केटिंग. त्यातला माझा सगळ्यात आवडता कोर्स म्हणजे शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचा. तो शिकलेल्या बायकांना लोक ‘शेळी डॉक्टर’ म्हणतात. बाईने हे असलं काम करायचं म्हणजे आधी नाकं मुरडली जाणार, हे सांगायला नको. पण शेळी चांगल्या जातीची निपजली, दूध वाढलं, बोकडाला बाजारात भाव मिळाला, की तीच नाकं फोन करून बोलावतात. माणदेशात शेळी म्हणजे चालतंफिरतं एटीएम. अडचण आली की एक विकायची.

मुलींसाठी सायकली हा या कामाचा आणखी एक भाग. सायकलीत काय एवढं, असं पुण्यात वाटेल. पण वाडी-वस्तीवरच्या मुलीचं शिक्षण मार्कांमुळे सुटतं त्याहून जास्त अंतरामुळे सुटतं. शाळा चार-पाच किलोमीटरवर, एसटीची वेळ शाळेशी जुळत नाही, हिवाळ्यात परतताना अंधार. घरचे एक दिवस म्हणतात, बास आता. तो ‘बास’ बहुतेकदा आठवी ते दहावीच्या मध्ये येतो आणि त्यानंतर लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. त्या वयातली सायकल म्हणजे दोन-तीन वर्षं लग्न पुढे. आईचं खातं आणि मुलीची सायकल हे दोन वेगळे प्रकल्प वाटतात, पण आईच्या हातात चार पैसे असतील तरच ती ‘बास’ म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणू शकते.

धावण्याचं तर विचारूच नका. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल गाठणारी ललिता बाबर याच माण तालुक्यातल्या मोही गावची. फाउंडेशनही गावातल्या पोरापोरींना खेळाचं प्रशिक्षण देतं.

२०१२-१३ चा दुष्काळ ही या सगळ्याची मोठी परीक्षा होती. बायका सोनं गहाण ठेवायला बँकेत येऊ लागल्या. लग्नकार्यासाठी नाही, चाऱ्यासाठी. बँकेच्या दृष्टीने हा छान धंदा, सोनेतारण म्हणजे सगळ्यात सुरक्षित कर्ज. पण पाणीच नाही तर चारा किती दिवस मिळणार, आणि सोनं संपल्यावर काय? कर्ज देऊन हा प्रश्न सुटत नव्हता. तेव्हा म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. शेतकरी कुटुंबं हजारो गुरांसह तिथे मुक्कामाला आली. पावसाची वाट बघत ती छावणी चालवावी लागली वर्षाहून अधिक काळ.

मला हा प्रसंग रिझर्व्ह बँकेच्या किश्श्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कारण ‘बायकांना कर्ज द्या, गरिबी हटेल’ हे आता सगळेच म्हणतात. गावोगाव मायक्रोफायनान्सची माणसं आठवड्याच्या हप्त्याला दारात उभी असतात. एकीचा हप्ता फेडायला दुसरीकडून उचल, दुसरीचा फेडायला तिसरीकडून. आंध्र प्रदेशात हे इतकं टोकाला गेलं की २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. शेळी, शिलाई मशीन, भाजीची पाटी, यातलं काहीतरी त्याच्या पलीकडे उभं असेल तरच त्याचा उपयोग. दारात येणारा माणूस हप्ता मागायला येतो की बचत घ्यायला, यावर बरंच ठरतं.

२०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदी सात जणी होत्या, सगळ्या बायकाच. त्यांत आयएमएफच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्टीन लगार्ड होत्या आणि म्हसवडच्या चेतना गाला सिन्हाही. लोहारणीच्या प्लॅस्टिकच्या कागदापासून तिथपर्यंत साधारण वीस वर्षं.

इकॉनॉमिक्स, सोशल वर्क, अॅग्री, काहीही करत असाल आणि प्रोजेक्टला विषय सापडत नसेल, तर सातारा-पंढरपूर रस्त्याने जाणारी एसटी पकडा. गोंदवल्याच्या पुढे म्हसवड लागतं. बाजाराचा दिवस साधा आणि सकाळी लवकर पोचा. पाटी लावून बसलेल्या एखाद्या मावशीकडून आधी काहीतरी विकत घ्या, मग गप्पा मारा. माल उचलायला पैसे कुठून आणता, परत किती देता, एवढंच विचारायचं. कॅल्क्युलेटर काढू नका. तुमचं अॅप उघडेपर्यंत तिचं उत्तर आलेलं असेल.