घ्या, द्या आणि अ‍ॅडजस्ट करा

बीदर जिल्ह्यात भालकीहून बसवकल्याणला निघालेल्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथा येतो तेव्हा तो ‘बसू का?’ असं विचारत नाही. कन्नड बोलणारा ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘जरा अ‍ॅडजस्ट करा की’, दखनीवाला ‘थोडा अ‍ॅडजस्ट करो जी’. वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीकडचा सरकलेलाही असतो. 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या आत साध्या सरकारी गाडीत तिकीट लागत नाही. तेव्हापासून गर्दी वाढली आणि या शब्दाचा खपही.

इंग्रजीत हे क्रियापद सहसा कर्म मागतं. आरसा, चष्मा, घड्याळ, खुर्चीचा पट्टा असं काहीतरी समोर लागतं, नाहीतर कशाशी जुळवून घ्यायचं ते सांगावं लागतं. गॅरेजात आपणही ते वळण पाळतो. तिथे ब्रेक अ‍ॅडजस्ट होतो, सायकलची चेन अ‍ॅडजस्ट होते. बसमध्ये मात्र कर्म गळून पडलं आहे. काय अ‍ॅडजस्ट करायचं? मांडी, पिशवी, मांडीवरचं पोर, की मनातली नाराजी? ते ज्याचं त्यानं ठरवायचं. गंमत अशी की या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जवळ’ या अर्थाचा शब्द आहे. जवळ आणणं हाच त्याचा जुना अर्थ. ‘जस्ट’मधल्या न्यायाशी त्याचं नातं नंतर, नुसत्या ध्वनिसाम्यावरून जोडलं गेलं. म्हणजे लंडनपेक्षा भालकीचा प्रवासीच मूळ अर्थाला धरून आहे म्हणायचा.

तिन्ही भाषांनी हा शब्द एकाच पद्धतीनं घरात घेतला. आपण ‘अ‍ॅडजस्टतो’ असं म्हणत नाही. परक्या क्रियापदाला नामासारखं उभं करायचं आणि काम आपल्या क्रियापदाकडून करून घ्यायचं, मग ते ‘करणे’ असो, ‘माडु’ असो की ‘करना’. या भागात असं साम्य आढळलं तर नवल नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. त्या दिवशी हैदराबाद राज्य वाटलं गेलं. हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण बीदरसह म्हैसूर राज्यात. रेषा नकाशावर पडली; सोयरिकी, बाजार आणि देवळं होती तिथेच राहिली. देवल गाणगापूरला पौर्णिमेला उतरणारी गर्दी आजही निम्मी मराठीत बोलते.

असंच साम्य दाखवणारा, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाअभ्यासकांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींचे शब्द वेगळे, पण वाक्याचा सांगाडा जवळपास एकच झाला होता. एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून दुसरीचे त्याच जागी बसवले तरी वाक्य चालतं. ‘अ‍ॅडजस्ट’ अशाच तयार खाचेत बसला.

खरी मजा पुढे आहे. मराठीत ‘करून घेणे’ आणि ‘करून देणे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर. कन्नडमध्येही ‘माडिको’ आणि ‘माडिकोडी’. पहिल्यातलं क्रियापद घेण्याचं, दुसऱ्यातलं देण्याचं. दखनीत ‘करलो’ आणि ‘करदो’. इंग्रजी शब्द उघडाबोडका आला. झळ कोणी सोसायची ते ही घेण्या-देण्याची शेपटी ठरवते.

कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस साहेबाला म्हणतो, ‘तेवढं अ‍ॅडजस्ट करून द्या.’ इथे अडचण त्याची, हात हलवायचा तो साहेबानं. आडतीवर उलट. तुरीच्या हंगामाआधी शेतकऱ्यानं उचल घेतलेली असते. माल आला की आडत्या ती पट्टीत ‘अ‍ॅडजस्ट करून घेतो’. जुन्या वह्यांत याला ‘वळती करून घेणे’ म्हणत, आणि तो शब्द मला अधिक नेमका वाटतो. पैसा कोणाकडून कोणाकडे वळला ते त्यात दिसतं.

आणि घरात? सासरी निघालेल्या लेकीला आई सांगते, ‘थोडं अ‍ॅडजस्ट करून घे गं.’ औरादमध्ये मराठीत सांगते, आळंदमध्ये कन्नडात, ‘माडिको’ म्हणून. घेणं हे क्रियापद इथे फसवं आहे, कारण पदरात काहीच पडत नाही. जावयाला हेच वाक्य सांगणारी सासू मी अजून ऐकलेली नाही. बसमध्ये तिघं सरकतात आणि चौथ्यालाही अर्ध्या मांडीवरच बसावं लागतं. घरात सरकायचं एकीनंच, आणि तिचा थांबा तर येतच नाही. आधी यासाठी ‘सांभाळून घे’, ‘निभावून ने’ असं म्हणत. अन्याय तोच होता, पण त्या शब्दांत निदान ओझ्याचं वजन जाणवायचं. इंग्रजी शब्दानं ते हलकं, जवळजवळ आधुनिक करून टाकलं.

निवडणुकीच्या दिवसांत शब्द आणखी एक रूप घेतो. दोन विरोधी पक्षांनी आतून हात मिळवल्याची शंका आली की कन्नड वर्तमानपत्रं ‘होंदाणिके राजकारण’ लिहितात आणि चहाच्या टपरीवर ‘अ‍ॅडजस्टमेंट झालीय’ असं ऐकू येतं. घेणारा नाही, देणारा नाही, करणाराही नाही, नुसतं झालं. मुंबईकडे याला मांडवली म्हणतात, पण तिथे निदान मांडवली करणारा माणूस तरी कोण ते लोक विचारतात.