विठ्ठलाविना विठ्ठलमंदिर

कार्तिकी एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरतो. त्याच दिवशी दूर कर्नाटकात, तुंगभद्रेच्या तीरी, विठ्ठलाचे एक भव्य मंदिर निःशब्द उभे असते. तेथे काकडआरती नाही, नैवेद्य नाही. गाभाऱ्यात मूर्तीही नाही. हंपीचे हे मंदिर प्रत्येक वारकऱ्याने एकदा तरी पाहावे.

हरिहर आणि बुक्क या बंधूंनी इ.स. १३३६ मध्ये स्थापिलेल्या विजयनगर साम्राज्याची ही राजधानी. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या रणसंग्रामात रामराय पडला आणि हे वैभवशाली नगर लुटले गेले, ओस पडले. सोलापूर-गदग लोहमार्गाने होस्पेट गाठले की, तेथून हंपी अवघे १३ किलोमीटर. वाटेवर जिकडे पाहावे तिकडे प्रचंड शिळांच्या राशी. हीच रामायणातील किष्किंधा, अशी श्रद्धा आहे. मतंग पर्वत आणि पंपा सरोवर आजही दाखविले जाते. या उजाड नगरीत विरूपाक्षाची पूजा मात्र अखंड चालू आहे.

विठ्ठलमंदिराची कथा निराळी. सम्राट कृष्णदेवराय पंढरीचा विठोबा विजयनगरास घेऊन गेला आणि नाथमहाराजांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. महिपतींनी ‘भक्तविजया’त ती सांगितली आहे. देवाने आपला हार भानुदासांस दिला, चोरीचा आळ आला, शूळ उभा राहिला आणि त्या शुष्क काष्ठास पालवी फुटली! हंपीकडील लोक आणखी एक गोष्ट सांगतात : एवढे थाटाचे मंदिर देवालाच मानवले नाही, म्हणून तो आपल्या साध्या पंढरीस परतला. वारकऱ्याला ही गोष्ट अधिक रुचावी.

इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. मंदिराचा आरंभ कृष्णदेवरायापूर्वीचा मानला जातो. त्याच्या काळात, १५१३ च्या सुमारास, गोपुरांची भर पडली. परंतु जिंकलेल्या प्रदेशातील देव राजधानीस आणण्याची रीत काल्पनिक नव्हे. उदयगिरीच्या स्वारीतून या राजाने बाळकृष्णाची मूर्ती आणली व तिच्यासाठी हंपीत स्वतंत्र कृष्णमंदिर बांधले. ते मंदिरही आज रिकामे आहे. मूर्ती चेन्नईच्या संग्रहालयात आहे. तिला परत न्यायला कोणी भानुदास आला नाही.

विठ्ठलमंदिराच्या प्रांगणातील पाषाणरथ सर्वांच्या परिचयाचा. २०१७ पासून तो पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे. तो वस्तुतः गरुडाचे मंदिर आहे. प्रवासी त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात, सप्तस्वरांचे खांब लांबून न्याहाळतात (त्यांवर आघात करण्यास आता मनाई आहे, आणि ते योग्यच आहे) आणि निघून जातात. तसे करू नये. जवळच नदीकाठी पुरंदरदासांचा मंडप आहे. कन्नड भक्तीचे हे महान गायक आपल्या प्रत्येक पदाच्या अखेरीस ‘पुरंदरविठ्ठल’ ही मुद्रा घालीत. नदीला पूर आला की मंडपात पाणी शिरते. तेथे क्षणभर बसून एखादा अभंग म्हणावा आणि मग मंदिरात परतावे. रिकाम्या गाभाऱ्याभोवती काही पायऱ्या खाली उतरून जाणारा अरुंद, काळोखा प्रदक्षिणामार्ग आहे. त्या वाटेने शतकानुशतके भक्तांची पावले फिरली आहेत.