पीण्याच्या घरात समुद्र
मुलांना घरात ‘निमो’ हवा असतो. फिल्टर आणि पंप मागच्या कप्प्यातच बसवलेली ऑल-इन-वन टाकी मग सोपी वाटते. पण पीण्यात राहत असाल, तर आधी पाण्याचं बघा. इथल्या भूजलात कारखान्यांचं क्रोमियम सापडलंय, त्यामुळे बोअरचं पाणी नकोच. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळा. (स्वयंपाकाचं नाही हं!) २० लिटरची टाकी दिसते गोड, पण थोड्या पाण्यात खारटपणा पटकन बिघडतो, नवशिक्याने ७५ लिटरच्या पुढचीच घ्यावी. पाणी आटलं की नुसतं आरओ ओता. मीठ काही उडून जात नाही. आणि मासा? चार-सहा आठवड्यांनी, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर. तोवर टेस्ट किट मुलांच्या हातात द्या.